स्थूल बालिका व अकाली रजःप्रवृत्ती

सुश्रुताचार्यांनी रजःप्रवृत्तीचा काळ १२ वर्षांनंतरचा सांगितला आहे. अतिस्थूल बालिकांमध्ये तो अलीकडे येऊ शकतो. मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन मेंदूस संचय पुरेसा झाल्याची सूचना देते. मेदात काही अंशी इस्ट्रोजेनही निर्माण होते. अशा मुलीची उंची प्रथम झपाट्याने वाढते. परंतु अस्थींची वाढकेंद्रे लवकर मिटल्याने पुढे खुंटू शकते.

८ वर्षांपूर्वी स्तनवृद्धी दिसल्यास ती केवळ मेदाची की ग्रंथीची, हे आम्ही वैद्यांनी स्पर्शपरीक्षेने पाहावे. ग्रंथीची असल्यास किंवा शंका राहिल्यास बालरोगतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे. चरकोक्त स्थौल्यचिकित्सेतील जव, मूग, कुळीथ व नित्य व्यायाम येथे उपयुक्त ठरतात. वाढत्या वयात उपवास व तीक्ष्ण शोधन मात्र टाळावे.

औषधविक्रेत्या बंधूंना आमची विनंती, की वैद्यांच्या चिठ्ठीविना बालिकांसाठी मेदोहर कल्प देऊ नयेत.