टिंबाला टिंबच समजा

आमच्या बीड-अंबाजोगाईकडच्या बऱ्याच कवींचे जुने संग्रह डीटीपीच्या दुकानांत ‘कृतिदेव’ फाँटमध्ये टाइप झालेले आहेत. ती फाइल मोबाइलवर उघडली, की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. कारण संगणकाने साठवलेली असतात ती इंग्रजी चिन्हंच. फाँट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. कृतिदेव ०१० मध्ये अर्धा ण म्हणजे टिंब, अर्धा ख म्हणजे उघडा चौकटी कंस आणि नुक्ता म्हणजे अधिकचं चिन्ह.

अशी फाइल युनिकोडमध्ये आणायची, तर ‘हे शोध, त्याजागी ते ठेव’ असा प्रोग्रॅम लिहितात. शोधासाठी बहुधा ‘रेग्युलर एक्सप्रेशन’ ही सांकेतिक भाषा वापरतात. ती संगणकावरच्या शोधासाठी राबवण्याची रीत केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये मांडली. या भाषेत टिंबाचा अर्थ ‘कोणतंही एक अक्षर’. ‘पाणी’ हा शब्द कृतिदेवात पाच चिन्हांनी साठवला जातो. त्यांत टिंब एकच. पण ‘सगळ्या टिंबांजागी अर्धा ण ठेव’ एवढंच लिहिलं, तर पाचही जागी अर्धा ण बसतो. पाणी गेलं, नुसते ण उरले!

‘ग़ज़ल’चं दुखणं आणखी नाजूक. ‘ग़’मध्ये ग च्या चिन्हापुढे अधिक असतं. शोधाच्या भाषेत मात्र अधिक म्हणजे ‘आधीचं अक्षर एकदा किंवा अनेकदा’. मग ‘गाव’मधल्या साध्या ग लाही नुक्ता लागतो आणि ‘ग़ज़ल’मधलं अधिक तसंच लोंबकळतं. उघडा कंस तसाच दिला, तर प्रोग्रॅम निदान अडतो. टिंब आणि अधिक निमूटपणे मजकूर बिघडवतात.

उपाय सोपा आहे. चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश द्यायचा. ‘ही आज्ञा नव्हे, अक्षर आहे’ असं संगणकाला कळतं. याला ‘एस्केप करणं’ म्हणतात. अनेक प्रोग्रॅमिंग भाषांत अवतरणचिन्हांतही बॅकस्लॅशला खास अर्थ असतो. तिथे दोन रेघा द्याव्या लागतात. कृतिदेवातलं प्रश्नचिन्ह तर बॅकस्लॅश म्हणूनच साठवलेलं असतं. ते शोधायला तिथे चार रेघा!

अंबाजोगाईत दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी चारशे वर्षांनंतरही जपलेली आहे. वीस वर्षांपूर्वीचा संग्रह एका रेघेपायी हरवू नये. म्हणून मूळ फाइल न बदलता जपा, आणि प्रोग्रॅम आधी एकाच कवितेवर चालवून पाहा. ती मात्र ण, ख, नुक्ता आणि प्रश्नचिन्ह असलेली निवडा.