टंचाईचे अर्थकारण, लेखांक ६ : काडतुसे गेली कुठे?

गेल्या आठवड्यात आपण करोनाकाळातल्या चिपच्या टंचाईचा विचार केला. त्याच काळात अमेरिकेत आणखी एक टंचाई होती. आपल्याकडे तिची फारशी चर्चा झाली नाही. २०२० च्या उन्हाळ्यापासून पुढची जवळजवळ दोन वर्षे तिथल्या बंदुकीच्या दुकानांत काडतुसे मिळेनाशी झाली. ९ मिमी पिस्तुलाचे साधे काडतूस साथीपूर्वी वीसेक सेंटला येई. २०२१ च्या सुरुवातीला त्यालाच सत्तर-ऐंशी सेंट मोजावे लागत होते. पन्नास काडतुसांची खोकी गिऱ्हाइकामागे मोजून दिली जात होती. असा प्रकार पहिल्यांदाच घडला असेही नाही. २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर आणि २०१२ च्या अखेरीसही हेच झाले होते. या तिन्ही वेळा कारखाने बंद पडले नव्हते, उलट बहुतेक दिवसरात्र चालू होते. म्हणूनच या टंचाईचे मूळ उत्पादनात शोधून सापडत नाही. ‘उद्या मिळणार नाही’ ही भीती आजचा माल संपवते आणि भीती ओसरल्यावर येणारी मंदी पुढच्या टंचाईची तयारी करून ठेवते, असे माझे म्हणणे आहे.

आधी भीतीचा पुरावा पाहू. अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना एफबीआयच्या यंत्रणेकडून गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासली जाते. एक तपासणी म्हणजे एक बंदूक विकली गेली असा हिशेब मांडता येत नाही, पण बाजाराचा कल त्यातून नीट कळतो. २०१९ मध्ये अशा तपासण्या सुमारे २.८४ कोटी झाल्या, २०२० मध्ये ३.९७ कोटी. टाळेबंदी, जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतरची निदर्शने आणि निवडणूक या तिन्ही गोष्टी त्या एकाच वर्षात आल्या. २०१२ चे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १४ डिसेंबरला कनेटिकटमधल्या सँडी हुक शाळेत गोळीबार झाला, वीस लहान मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली आणि बंदुकांवर कडक निर्बंध येणार अशी हवा झाली. पार्श्वभूमी तपासणीचा विस्तार करणारे विधेयक एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये अडले. संघीय कायद्यात बदल झाला नाही, पण काडतुसांचा खडखडाट झालाच. सरावासाठी आणि लहान शिकारीसाठी वापरले जाणारे, सर्वांत स्वस्त असे पॉइंट २२ चे काडतूस पुढे कित्येक महिने सहज मिळत नव्हते.

दुकाने रिकामी व्हायला फार मोठी साठेबाजी लागत नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेतल्या ३२ टक्के प्रौढांकडे स्वतःची बंदूक आहे. म्हणजे ढोबळमानाने आठ कोटी माणसे. यातल्या प्रत्येकाने नेहमीपेक्षा फक्त दोन खोकी, म्हणजे शंभर काडतुसे, जास्त घेऊन कपाटात ठेवली तर आकडा होतो ८०० कोटी. अमेरिकेच्या बाजारात वर्षभरात जाणाऱ्या काडतुसांचा सर्वसाधारण अंदाज ८०० ते १००० कोटींचा आहे. म्हणजे शंभर-शंभर काडतुसांच्या बेगमीत एका वर्षाचे उत्पादन गडप होऊ शकते. यात कोणालाही हावरट ठरवण्याचे कारण नाही. शेजारी घेतो आहे, भाव चढतो आहे, पुढच्या आठवड्यात मिळेल याची खात्री नाही. अशा वेळी दोन खोकी जास्त घेणे हा एकेकट्याच्या दृष्टीने शहाणपणाचाच व्यवहार ठरतो. सगळ्यांनी मिळून केलेल्या त्या शहाणपणाची किंमतही मग सगळ्यांनाच मोजावी लागते.

मागणी वाढली तर माल वाढवावा, असे कोणीही म्हणेल. इथे काडतुसाची घडण पाहावी लागते. पितळी पुंगळी, पुढे शिशाची गोळी, आत दारू आणि बुडाशी प्रायमर असे त्याचे चार भाग. पिस्तुलाचा लहान प्रायमर म्हणजे जेमतेम साडेचार मिलिमीटर व्यासाची धातूची वाटी. तिच्यात लेड स्टिफनेटसारख्या स्फोटक मिश्रणाचा कण आणि वर इवलीशी धातूची ऐरण. घोड्याचा आघात झाला की मिश्रण वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडते, ठिणगी पडते आणि दारू पेटते. हे मिश्रण कोरडे असताना धक्क्याने, घर्षणाने, स्थिर विजेनेही उडू शकते, म्हणून ते ओले असतानाच वाटीत भरतात. अशा कामाला नवे यंत्र आणि चार माणसे आणून भागत नाही. सुरक्षित इमारत, स्फोटकांचे परवाने आणि मुरलेले कारागीर लागतात. अमेरिकेत प्रायमर बनवणारी जुनी मोठी नावे चारच : सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरणारे हजारो हौशी नेमबाज एरवी बाजारावरचा ताण थोडा हलका करतात. टंचाईत सुटे प्रायमरही मिळेनासे झाले आणि ती वाटही बंद झाली.

मग नवे कारखाने का उभे राहत नाहीत? गणपतीच्या आठवड्यात कोकणात जायला एसटी कितीही अपुरी पडली, तरी त्या गर्दीच्या हिशेबाने महामंडळ वर्षभरासाठी गाड्या विकत घेत नाही. गणपतीची तारीख निदान आधी ठाऊक असते. भीतीची तारीख कोणालाच ठाऊक नसते, आणि ओहोटी मात्र हमखास येते. २०१६ मध्ये निर्बंधांच्या धास्तीने पार्श्वभूमी तपासण्या २.७५ कोटींवर गेल्या होत्या. ट्रम्प निवडून आल्यावर धास्ती संपली, २०१७ मध्ये त्या २.५२ कोटींवर आल्या. आधी भरलेली कपाटे रिकामी होईपर्यंत काडतुसांना उठाव नव्हता. रेमिंग्टनने मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जुलै २०२० मध्ये, इतिहासातल्या सर्वांत मोठ्या तेजीत, दुसऱ्यांदा केला. मागचे ओझे घेऊन ती तेजीपर्यंत पोचली खरी, पण तेजीचा लाभ घेण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती. आर्कान्सातल्या लोनोकचा तिचा काडतूस कारखाना व्हिस्टा आउटडोअरने घेतला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हिस्टाचा सगळा काडतूस व्यवसाय चेकोस्लोव्हाक ग्रुप या चेक उद्योगसमूहाकडे गेला. म्हणजे प्रायमरच्या चार नावांपैकी तीन आज एकाच मालकाची आहेत. चौथ्या विंचेस्टरची मालक ओलिन कंपनी; तिने २०२५ मध्ये विस्कॉन्सिनमधला एक चालू काडतूस कारखाना विकत घेतला. शांत काळात नव्या उभारणीपेक्षा जुन्याची खरेदी-विक्रीच अधिक होते, ती अशी.

यावर पहिला आक्षेप असा की सरकारनेच माल उचलला. २०१३ मध्ये अंतर्गत सुरक्षा खात्याच्या काडतूस खरेदीवरून मोठा गदारोळ झाला, संसदीय समितीपुढे सुनावणीही झाली. सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने तपासल्यावर खात्याची खरेदी वर्षाला सरासरी ११ कोटींच्या आसपास निघाली. एकूण बाजाराच्या मानाने हे प्रमाण एक टक्क्याच्या घरातले. दुसरा आक्षेप, कंपन्यांनी भाव चढवण्यासाठी माल दाबून ठेवला. चौपट भावाने माल विकला जात असताना तो गोदामात ठेवणे म्हणजे आयता नफा प्रतिस्पर्ध्याच्या हाती देणे. आणि लोनोकचा थंडावलेला कारखानाही याच काळात पुन्हा वेगाने चालू झाला. या आक्षेपातला खरा अंश एवढाच की कंपन्यांनी तेजीच्या मापाने कायमची क्षमता उभारली नाही. ती का उभारली नाही, हे वर आलेच आहे.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : जागतिक घडामोडींचे काय? रशियातले विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोग प्रकरणी अमेरिकेने सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांवर बंदी घातली आणि स्वस्त पोलादी पुंगळीच्या मालाचा मोठा स्रोत आटत गेला. युक्रेन युद्धाने दारूचा तुटवडा आणला. पिस्तुलाच्या काडतुसात दारू लागते ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. १५५ मिमी तोफेला एका फेरीमागे कित्येक किलो लागते, आणि दोन्हीचा पाया नायट्रोसेल्युलोजच. ऑगस्ट २०२५ पासून तांब्याच्या अर्धपक्क्या मालावर ५० टक्के आयातशुल्क आले. ही सगळी कारणे खरी आहेत. त्यांचा परिणाम मात्र भावावर अधिक दिसतो. दुकाने एकाएकी रिकामी झाली ती २००८, २०१२ आणि २०२० मध्ये. तेव्हा रशियावर ही बंदी नव्हती, युक्रेनमध्ये हे युद्ध नव्हते, तांब्यावर हे शुल्कही नव्हते.

शेवटचा प्रश्न आपल्याकडचा वाचक विचारील : गोळ्या कमी झाल्या तर चांगलेच नाही का? बंदुकींच्या हिंसाचाराने जीव जातात हे पाहून कोणालाही असे वाटेल. पण टंचाईत गोळ्या कमी होत नाहीत, त्यांची फक्त जागा बदलते. सरावाच्या मैदानावरून त्या घरातल्या कपाटात जातात. बंदूक उद्योगाच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये ८० लाखांहून अधिक लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. त्यांच्या हाती शस्त्र आले, पण ते जबाबदारीने हाताळायला शिकण्यासाठी लागणारी काडतुसे परवडेनाशी झाली. घरात भरलेली बंदूक आणि हाताला सराव नाही, ही अवस्था बंदुकीच्या बाजूच्या आणि विरोधातल्या, दोघांनाही काळजी वाटावी अशी आहे.

आपल्याकडे परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते, आणि खडकी किंवा वरणगावच्या कारखान्यांचे मुख्य गिऱ्हाईक सैन्यदल असल्यामुळे मागणी पुष्कळशी आधी ठाऊक असते. अमेरिकेत ती व्यवस्था येणार नाही, आणि तिची नक्कल करा असे मला सुचवायचेही नाही. करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. अमेरिकी सरकार खनिज तेलाचा देशातला साठा दर आठवड्याला जाहीर करते. काडतुसांच्या आणि प्रायमरच्या उत्पादनाचा व गोदामातल्या साठ्याचा असा नियमित, विश्वासार्ह आकडा ग्राहकासमोर नसतो. त्याला दिसते ती फक्त समोरची रिकामी फळी, आणि उरलेली जागा अफवा भरून काढते. कोणाच्या घरात किती काडतुसे आहेत हे विचारण्याची गरज नाही, कारखान्यातून किती निघाली एवढे सांगितले तरी पुरे. आकड्याने भीती नाहीशी होणार नाही. पण पुढच्या महिन्यात माल येणार आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो दोन खोकी जास्त घेण्याआधी थांबतो, आणि आठ कोटींतले निम्मे जरी थांबले तरी चारशे कोटी काडतुसे दुकानातच राहतात.

(पुढील लेखांक : इन्सुलिनचा पुरवठा आणि तीन कंपन्यांची मक्तेदारी)