भिंतीतली जोडी

पंचकुला हरियाणात, मोहाली पंजाबात, चंदीगड केंद्रशासित. पण तिन्हींचा एसटीडी कोड एकच, ०१७२. हद्दींची ही गुंतागुंत कमी म्हणून की काय, इथल्या कोठ्यांमध्ये, म्हणजे बंगल्यांमध्ये, खाली मालक, वर भाडेकरू, मागच्या खोलीत कुणाचं तरी ऑफिस, आणि सगळ्यांना मिळून टेलिफोनची एकच तार!

तिचा उगम दाराजवळच्या पांढऱ्या डबीत. लाइनमनच्या भाषेत रोझेट. खांबावरच्या डीपीतून, म्हणजे वाटप-पेटीतून, आलेली जोडी इथे दोन स्क्रूंखाली बसते. दोनच तारा, पण कामं किती! एक्स्चेंजच्या बॅटरीतले सुमारे ४८ व्होल्ट त्यांवर कायम असतात. म्हणून वीज गेली तरी साधा फोन चालायचा. रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होतं, काही मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो, त्यावरून एक्स्चेंज ओळखतं आणि डायल टोन देतं. घंटी वाजवायला त्याच तारांवरून सुमारे ७५ व्होल्टचा उलटसुलट दाब येतो. फोनमधला कपॅसिटर बॅटरीचा प्रवाह अडवतो आणि फक्त हा उलटसुलट दाब घंटीकडे सोडतो. उघड्या तारा बोटांत असताना रिंग आली, तर हे सगळं न शिकवताच कळतं.

पुढचे फाटे पॅरलल, म्हणजे प्रत्येक फोन त्याच जोडीवर. त्यामुळे वरच्या मजल्यावर एक रिसीव्हर तिरका राहिला तरी सगळी कोठी एंगेज. जुने घंटीवाले फोन चार-पाच झाले की घंटा कण्हायला लागतात.

खरी परीक्षा पावसाळ्यात. शिवालिकच्या पायथ्याशी पाऊस कोसळतो तेव्हा पीळ देऊन टेप गुंडाळलेले सांधे ओल धरतात. दोन तारांमध्ये गळती सुरू होते, खरखर वाढते, आणि गळती फार झाली की कुणी फोन उचलला असं समजून एक्स्चेंज रिंग मध्येच तोडतं. आमच्याकडे तर वायरमनने फोनची तार विजेच्याच पाइपातून ओढली होती. कित्येक महिने प्रत्येक संभाषणामागे भुंगा गुणगुणत होता.

निदान मात्र सोपं. घराकडे जाणारे सगळे फाटे डबीतून सोडवायचे आणि एक चांगला फोन थेट बाहेरच्या जोडीला लावायचा. टोन स्वच्छ आला तर दोष आपल्या भिंतीत. नाहीतर खुशाल तक्रार नोंदवावी.

२००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड याच तांब्यावरून आलं. बोलणं ४ किलोहर्ट्झच्या आत, इंटरनेट २५ च्या वर. मधली भिंत म्हणजे स्प्लिटर. तो टाळून पॅरलल फोन जोडला की कानात फुसफुस आणि नेट सारखं तुटतं.

आता फायबर आलं. त्याच्या डब्यालाही फोनचं भोक असतं आणि डबाच ४८ व्होल्टच्या आसपासचा दाब पुरवतो. ते रोझेटला जोडलं की भिंतीतली जुनी जोडी जिवंत होते, मजल्यामजल्यावरचे फोन वाजू लागतात. मात्र त्याआधी खांबाकडून येणाऱ्या दोन तारा स्क्रूखालून सोडवून, टोकं वेगवेगळी टेप लावून ठेवावीत. आणि डब्याला इन्व्हर्टरचा पॉइंट द्यावा, कारण एक्स्चेंजची बॅटरी आता त्याच्या मागे नाही.