पराभूत शिपायाची कथा

(युद्धाचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या बाजूने लिहिला जातो आणि त्यात सेनापतींची नावे असतात. परंतु हरलेल्या सैन्यातील सामान्य शिपायाचे काय झाले, हे कोठे वाचावयास मिळते? ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.)

उंद्री हे बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात वसलेले एक गाव. अशा गावी सायंकाळी पारावर बसलेल्या मंडळींचे बोलणे कान देऊन ऐकले, तर एक शब्द अधूनमधून कानी येतो. एखाद्याचा व्यापार बुडाला किंवा दुबार पेरणी करूनही एखाद्याच्या हाती काही लागले नाही, की कोणीतरी सहज म्हणते, "त्याचे पार पानिपत झाले!" बोलणाऱ्याने पानिपत पाहिलेले नसते. ते गाव उंद्रीपासून शेकडो कोस दूर, हरियाणा राज्यात आहे. परंतु 14 जानेवारी 1761 रोजी तेथे झालेला पराभव मराठी बोलीत असा मुरला, की एका गावाच्या विशेषनामाचे सामान्यनाम होऊन बसले. 'भाऊगर्दी' हा शब्दही त्याच रणातून आपल्या भाषेत आला, असे मानतात.

ह्या पराभवाची वार्ता पेशव्यांस एका सावकारी पत्रातून, सांकेतिक भाषेत कळली, असे सांगतात. दोन मोती गेले, काही मोहरा हरवल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही, असा त्या पत्राचा आशय होता. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. आणि खुर्दा? खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई, बारगीर, गोलंदाज, घोड्यांना खरारा करणारे मोतद्दार, ओझी वाहणारे हमाल. मोती आणि मोहरा इतिहासाने जपून ठेवल्या. खुर्दा मात्र मोजावयाचा राहून गेला.

हा खुर्दा होता तरी कोणाचा? 1760 सालच्या मार्च महिन्यात सदाशिवरावभाऊंची फौज परतूरहून उत्तरेकडे निघाली. परतूर हे आजच्या जालना जिल्ह्यात, म्हणजे बुलढाण्याच्या शेजारीच आहे. त्या फौजेबरोबर लढणाऱ्यांखेरीज बाजारबुणगे होते, यात्रेकरू होते, बायकामुलेही होती. पुढे पानिपतावर सुमारे अडीच महिने दोन्ही सैन्ये समोरासमोर तळ देऊन राहिली. गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसद येण्याची आशा संपली. छावणीत धान्य मिळेनासे झाले आणि जनावरे चाऱ्यावाचून मरू लागली. अखेरीस उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू, असा निश्चय करून उपाशी फौज रणात उतरली. सेनापतींचे डावपेच बरोबर होते की चूक, ह्यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु त्या पहाटे रिकाम्या पोटी कमरेला शेला आवळणाऱ्या एखाद्या शिपायाच्या मनात काय चालले होते, हे कोणत्याही पत्रावरून कळत नाही.

उंद्रीच्या जवळचे उदाहरण पाहावयाचे तर असईचे घ्यावे. असई हे गाव जालना जिल्ह्यात भोकरदनच्या बाजूस आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तेथे शिंदे व भोसले ह्यांच्या फौजा आणि इंग्रज सेनापती वेलस्ली ह्यांची गाठ पडली. पुढे वॉटर्लू येथे नेपोलियनवर जय मिळवून हाच वेलस्ली जगप्रसिद्ध झाला. परंतु उतारवयातही आपल्या लढायांत तो पहिला मान असईलाच देत असे. इंग्रजांकडील हानीचा हिशेब आजही नेमका सांगता येतो : 428 ठार, 1,138 जखमी आणि 18 बेपत्ता. शिंद्यांकडील हानीचा आकडा मात्र केवळ अंदाजाने सांगतात. जिंकणाऱ्याच्या वहीत एकेका माणसाची नोंद झाली. हरणाऱ्याची वहीच राहिली नाही. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वेलस्लीच्या सैन्यातही बहुसंख्य शिपाई हिंदीच होते. मारणारे आणि मरणारे पुष्कळदा एकाच देशातील शेतकऱ्यांचे मुलगे होते.

त्या दिवशी शिंद्यांच्या गोलंदाजांनी जे केले, ते त्यांच्या शत्रूंनीच लिहून ठेवले आहे. इंग्रज पायदळ तोफांवर चालून आले, तरी ते आपापल्या तोफा सोडून पळाले नाहीत. काही जण तोफांशेजारी मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि शत्रू पुढे सरकताच उठून त्यांनी त्याच तोफा त्याच्या पाठीवर डागल्या. राजे व सरदार रण सोडून गेले, गोलंदाज मात्र तोफांपाशी राहिले. पुढे 29 नोव्हेंबरला अडगाव येथे आणि 15 डिसेंबरला गाविलगडावर भोसल्यांचा पराभव झाला. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड त्यांच्या हातून गेला. त्या पराभवाची फळे ह्याच मुलखाने भोगली. असे असूनही असईच्या त्या गोलंदाजांपैकी एकाचेही नाव आज पारावर कोणी सांगू शकणार नाही.

इतिहासकाराला पुराव्यावाचून लिहिता येत नाही. आणि सामान्य शिपाई बहुधा पुरावा मागे ठेवीत नाही. त्याला लिहिता येत नसे. जो हरला त्याचे दप्तरही पुष्कळदा नाहीसे होई. आपल्या बखरी झाल्या तरी त्या थोरामोठ्यांच्या भोवतीच फिरतात. ह्याला सुंदर अपवाद म्हणजे विष्णुभट गोडसे ह्यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक. वरसई गावचे हे भिक्षुक 1857 साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशी पडली, तेव्हा ते त्या शहरातच होते. प्राण वाचविण्यासाठी लपून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी त्यांनी पराभव पाहिला. चिंतामणराव वैद्य ह्यांनी हे पुस्तक 1907 साली प्रसिद्ध केले. ही कादंबरी नव्हे आणि गोडसे शिपाईही नव्हते. परंतु हरलेल्या बाजूच्या सामान्य माणसाची भीती आणि तहानभूक मराठीत प्रथम इतक्या जवळून दिसली, ती येथेच.

जेथे कागद संपतात, तेथे कादंबरीचे काम सुरू होते. अशा कादंबऱ्यांत जगभर गाजलेली कृती म्हणजे जर्मन लेखक एरिख मारिया रेमार्क ह्यांची 1929 साली पुस्तकरूपाने निघालेली कादंबरी. पश्चिम आघाडीवर नवे काही घडले नाही, असा तिच्या नावाचा अर्थ आहे. पहिल्या महायुद्धात रेमार्क स्वतः शिपाई होते आणि 1917 साली तोफगोळ्याचे तुकडे लागून जखमी झाले होते. त्यांचा नायक पाउल हा शाळकरी मुलगा. शिक्षक वर्गात देशभक्तीवर जोशपूर्ण व्याख्याने देतात आणि त्या भरात सारा वर्ग सैन्यात दाखल होतो. आघाडीवर मात्र त्यांच्यापुढे चिखल, उवा, उंदीर आणि भूक एवढेच वाढून ठेवलेले असते.

ह्या कादंबरीत एका बुटांच्या जोडीची हकीकत आहे. ते मऊ कातड्याचे उत्तम बूट प्रथम ज्याच्या पायात होते, त्याचा पाय रुग्णालयात कापावा लागतो आणि पुढे तो मरतो. मग ते त्याच्या मित्राकडे येतात; तो मेल्यावर पाउलकडे येतात. एकामागून एक माणसे जातात, बूट मात्र टिकतात. युद्धात माणसाची किंमत काय उरते, हे सांगण्यासाठी लेखकाला एकही उपदेशाचे वाक्य लिहावे लागले नाही.

दुसरा प्रसंग ह्याहून हृदयद्रावक आहे. एका खड्ड्यात लपलेला पाउल अंगावर आलेल्या फ्रेंच शिपायाला सुऱ्याने भोसकतो. बाहेर गोळीबार चालू असल्यामुळे त्याला खड्डा सोडता येत नाही, आणि त्या मरणाऱ्या माणसाशेजारी तासन्‌तास बसून राहावे लागते. तो त्याला पाणी पाजतो, त्याच्या जखमा बांधतो. मरणानंतर त्याच्या खिशातील कागद चाळतो, तेव्हा कळते, की हा छापखान्यात काम करणारा, बायकामुलांचा धनी होता. तोवर जो 'शत्रू' होता, त्याला आता नाव, धंदा आणि घर मिळते. शेवटी पाउलही मारला जातो. त्या दिवशी आघाडीवर इतकी शांतता असते, की सैन्याच्या अहवालात नवे काही नोंदले जात नाही. अहवालाच्या हिशेबी पाउलही खुर्दाच.

ह्या पुस्तकाच्या पहिल्या दीड वर्षात अनेक भाषांतून सुमारे 25 लाख प्रती खपल्या. परंतु पराभवाचे नागडे चित्र सत्ताधीशांस सोसत नाही. 1933 साली नाझींनी जर्मनीत ग्रंथांच्या होळ्या पेटविल्या, तेव्हा हे पुस्तकही आगीत टाकले गेले. 1938 साली रेमार्क ह्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी लेखक शोहेई ओओका ह्यांनी 'नोबी' ही कादंबरी लिहिली. फिलिपाइन्समध्ये ते स्वतः शिपाई म्हणून गेले होते आणि अमेरिकनांच्या हाती कैदी म्हणून सापडले होते. त्यांचा नायक तामुरा क्षयाने आजारी आहे. आजाऱ्याला पोसणे तुकडीला परवडत नाही, म्हणून तुकडी त्याला हाकलते. शिधा नाही म्हणून रुग्णालय त्याला ठेवून घेत नाही. काही कंद घेऊन तो रानोमाळ भटकत राहतो. शत्रूच्या गोळीपूर्वी आपल्याच सैन्याने त्याला टाकून दिलेले असते.

ह्या कथा एवढ्या रूक्ष आणि कठोर भाषेत का लिहिल्या जातात, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. जिंकलेल्या सैन्यातील शिपाई मेला, तर 'त्याच्या बलिदानाने विजय मिळाला' असे म्हणून आपण मनाचे समाधान करतो. हरलेल्या शिपायाच्या मरणाला असा आधार नसतो. त्याच्यापाशी उरते ते केवळ घडलेले : किती चाललो, काय खाल्ले, शेजारचा कोण पडला. म्हणून लेखकही अलंकार बाजूस ठेवतो आणि भाकरीची, पायतणाची, पाण्याची गोष्ट सांगतो. वीररसाचे पोवाडे आपल्याला स्फूर्ती देतात, हे खरे. पण त्या स्फूर्तीची किंमत कोणी मोजली, ते अशा कादंबरीतून कळते.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगावयास हवी. हरलेल्या शिपायाविषयी करुणा वाटणे वेगळे आणि त्याच्या राज्यकर्त्यांची बाजू न्याय्य मानणे वेगळे. 1914 साली जर्मनीने बेल्जियमवर आक्रमण केले, तसेच जपानने पुढे फिलिपाइन्सवर केले. ह्या दोन्ही देशांतील निरपराध लोकांनी अपार दुःख सोसले. चांगला लेखक हे लपवीत नाही. ओओकांचा तामुरा एका निःशस्त्र फिलिपिनी स्त्रीला गोळी घालतो, आणि ते पाप वाचकापासून दडविले जात नाही. दुःख भोगणारा माणूस दुसऱ्याला दुःख देणाराही असू शकतो. हे कटू सत्य जी कादंबरी टाळते, ती वाचकाची फसवणूक करते.

मराठीत विश्वास पाटील ह्यांची 'पानिपत' ही कादंबरी 1988 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सेनापती आहेतच, पण उपाशी छावणीचे हालही विस्ताराने आले आहेत. मराठी लेखकांपुढे अजून पुष्कळ काम उभे आहे. असईच्या तोफेशेजारी श्वास रोखून पडलेल्या गोलंदाजाची कादंबरी कोणीतरी लिहावयास हवी. कदाचित तुमच्यापैकीच कोणी ती लिहील.

तोपर्यंत एवढे तरी आपल्याला करता येईल. पुढच्या वेळी पारावर कोणी "पानिपत झाले" असे म्हणेल, तेव्हा त्या शब्दात दडलेला खुर्दा आठवावा. त्यातले प्रत्येक नाणे म्हणजे कोणाचा तरी मुलगा होता, आणि घरी कोणीतरी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते.

अभ्यास

1. पानिपतच्या वार्तेतील मोती, मोहरा आणि खुर्दा ह्यांचा अर्थ सांगा.
2. असईच्या लढाईतील गोलंदाजांचे वर्तन तुमच्या शब्दांत लिहा.
3. बुटांच्या जोडीच्या हकीकतीतून लेखकाला काय सुचवावयाचे आहे?
4. हरलेल्या शिपायाविषयी करुणा वाटणे आणि त्याच्या बाजूचे समर्थन करणे ह्यांतील भेद उदाहरण देऊन स्पष्ट करा.
5. 'पानिपत होणे' ह्याप्रमाणे ऐतिहासिक घटनांवरून मराठीत रूढ झालेले आणखी शब्दप्रयोग आपल्या गावातील वडीलधाऱ्यांस विचारून मिळवा.