वैराचा शेवट

पंचवटीच्या सान्निध्यात राहणाऱ्या आम्हां नाशिककरांना रावणवधानंतरचा प्रसंग परिचित आहे. मृत्यूबरोबर वैर संपले, असे सांगून श्रीरामांनी बिभीषणास भावाचे अंत्यसंस्कार करावयास लावले.

मुंबईच्या शिवडी येथील ख्रिस्ती दफनभूमीत याच विचाराची खूण आढळते. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत पकडलेले हजारो इटालियन सैनिक भोपाळ, बंगळूर, डेहराडून व योल येथील छावण्यांत ठेवले गेले. अनेकांना मायदेश पुन्हा दिसलाच नाही. कैदेत निधन पावलेल्या अशा सैनिकांच्या अस्थी येथील स्मारकात विसावल्या आहेत.

याच युद्धाची दुसरी बाजू म्हणजे रायगड जिल्ह्याचे सुपुत्र नाईक यशवंत घाडगे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा 22 वर्षांचा वीर 10 जुलै 1944 रोजी इटलीतील टायबर खोऱ्यात जर्मन मशीनगनवर एकटाच धावून गेला. ठाणे निकामी झाले. पण त्याचे प्राण गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस लाभला, कबर मात्र अज्ञातच राहिली. नाव तेवढे कॅसिनो येथील स्मारकावर कोरले गेले. पुढे जुलै 2023 मध्ये मोन्तोने या इटालियन गावी त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारण्यात आले. 1943 पर्यंत हाच देश त्यांच्या सैन्याचा शत्रू होता!

‘मिच्छामि दुक्कडम्’ आपण जिवंतांना म्हणतो, आणि तेही उत्तर देतात. जो कधीच उत्तर देऊ शकणार नाही, अशा शत्रूच्या अस्थी जपणे ही त्याहून अवघड क्षमापना होय. शिवडीस जाणे झाल्यास तेथे क्षणभर थांबावे.