कॅरव्हॅन छोटी की मोठी? लांबीआधी वजन बघा

ब्रिटनमध्ये सुट्टीवर निघालेल्या कुटुंबाची कॅरव्हॅन बहुधा मोटारीमागे जोडलेली असते. तिला स्वतःचं इंजिन नसतं. पहिल्यांदा घेणाऱ्यांपुढे प्रश्न असतो तो आटोपशीर घ्यावी की ऐसपैस, आणि त्याचा निकाल पुष्कळदा ऐकीव गोष्टींवर लागतो.

त्यातला सर्वांत पक्का बसलेला समज म्हणजे छोटी कॅरव्हॅन हाताळायला सोपी. पुढे जाताना ते खरं आहे. रिव्हर्स घेताना मात्र उलटं घडतं. जोडणीपासून चाकांपर्यंतचं अंतर कमी असल्यामुळे स्टिअरिंग जरासं फिरलं तरी छोटी कॅरव्हॅन झटकन वळते आणि चालकाने सावरायच्या आत मोटारीशी काटकोन करून बसते. लांब कॅरव्हॅन सावकाश वळते, त्यामुळे चूक सुधारायला वेळ मिळतो. नवख्याने आधी एखाद्या रिकाम्या मैदानात सराव करावा, मग कॅरव्हॅन कितीही लहान असो.

छोटी कुठेही जाते, हेही अर्धंच खरं. डेव्हनमधल्या झुडपांनी वेढलेल्या अरुंद रस्त्यांवर एरिबा या ब्रँडची जेमतेम दोन मीटर रुंदीची कॅरव्हॅन खरोखर सुखाची ठरते. पण यॉर्कशरमधल्या सटन बँकेच्या चढावर, जिथे रस्ता दर चार फुटांना एक फूट वर जातो, कॅरव्हॅनना सरसकट बंदी आहे. तिथे आकार विचारला जात नाही. वेगमर्यादाही दोघींना सारखीच: मोटरवेवर ताशी 60 मैल, साध्या दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर 50.

मोठी कॅरव्हॅन वेगात हेलकावे खाते, ही भीती निराधार नाही, पण तिचं कारण चुकीचं सांगितलं जातं. बाथ विद्यापीठातल्या प्रयोगांत असं दिसलं, की नुसत्या वजनाने स्थिरतेत फार फरक पडत नाही. सामान कुठे ठेवलंय, जोडणीवर किती भार येतो आणि चाकांचा आस कुठे आहे, यावर बरंच अवलंबून असतं. जड वस्तू आसाच्या आसपास, खाली ठेवायच्या. दोन्ही टोकांना सामान कोंबलेली छोटी कॅरव्हॅन नीट भरलेल्या मोठीपेक्षा जास्त धोकादायक ठरू शकते.

खरा हिशेब किलोंचा आहे, आणि तोच टाळला जातो. समजा, एखाद्या कॅरव्हॅनचं रिकामं वजन 1150 किलो आणि भरून चालणारं कमाल वजन 1300 किलो आहे. म्हणजे सामानाला उरले 150. बॅटरी रिकाम्या वजनात धरलेली नसेल, तर तिचे वीसेक किलो यातूनच जातात. जागच्या जागी हलवायची मोटर बसवली तर तिचे आणखी तीसेक, बाहेर लावायच्या तंबूचे वीस-पंचवीस. मग चार जणांचे कपडे, भांडीकुंडी आणि खुर्च्यांना किती उरलं? आटोपशीर कॅरव्हॅन इथेच अनेकांना फसवते: चौघं झोपू शकतात, चौघांचं सामान मावत नाही.

मोटारीचंही बघायला हवं. ब्रिटनमधल्या जाणकार संस्था नवख्यांना सांगतात, की भरलेली कॅरव्हॅन मोटारीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत असावी. 1500 किलोच्या मोटारीला त्या हिशेबाने 1275 किलोपर्यंतची. हा सल्ला आहे; मोटार बनवणाऱ्या कंपनीने घालून दिलेली ओढण्याची मर्यादा मात्र ओलांडताच येत नाही.

मोठीसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते, असं अजूनही कुणी कुणी सांगतं. पण 16 डिसेंबर 2021 पासून ब्रिटनमध्ये साध्या कार-परवान्यावर 3500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो.

इंधनाच्या बाबतीत लोक लांबीकडे बघतात. सपाट हायवेवर वाऱ्याला अडवते ती रुंदी आणि उंची. वजन जाणवतं ते चढावर आणि दर वेळी वेग घेताना. म्हणून छप्पर खाली बसवता येणारी कॅरव्हॅन खरोखर बचत करते, पण उंच छपराची केवळ आखूड कॅरव्हॅन तेवढी करत नाही.

छोटीत स्वच्छतागृह नसतं, हेही आता जुनं झालं. स्विफ्ट कंपनीच्या बेसकॅम्प या छोट्या कॅरव्हॅनमध्ये शॉवर आणि टॉयलेट दोन्ही असतं. गैरसोय वेगळीच आहे: बहुतेक छोट्यांमध्ये बैठक मोडून रोज रात्री बिछाना करायचा आणि सकाळी आवरायचा. दोघांच्या शनिवार-रविवारच्या सहलीत हे चालून जातं. स्कॉटलंडच्या पावसात दोन मुलांसह आठवडा काढायचा, तर कायमचा पलंग असलेल्या मोठीचे जादा किलो सत्कारणी लागतात.

कमाल वजनाची पट्टी कॅरव्हॅनच्या दाराजवळ असते. सौदा करण्याआधी ती वाचावी, न्यायच्या वस्तू घरच्या काट्यावर मोजाव्यात आणि पहिल्या सहलीआधी भरलेली कॅरव्हॅन सार्वजनिक वजनकाट्यावर नेऊन खात्री करावी.