अभिव्यक्तिवाद आणि मुंबईचे चित्रकार

चिखली-चाकण पट्ट्यात जर्मनीचे नाव निघाले, की मोटारी आणि यंत्रेच डोळ्यांपुढे येतात. त्या भाषेच्या मुलखातून मुंबईस एक चित्रदृष्टीही लाभली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

1905 साली ड्रेस्डेन येथे वास्तुशास्त्र शिकणाऱ्या किर्शनर, हेकेल, श्मिट-रोट्लुफ व ब्लाइल या चौघा तरुणांनी ‘सेतू’ या अर्थाच्या नावाचा गट काढला. दृश्य हुबेहूब उतरविण्यात त्यांना स्वारस्य नव्हते. मनातील भय व एकाकीपण दाखवायचे तर चेहरा हिरवा होणार, रस्ता कलणार, रेषा मोडणार. यालाच अभिव्यक्तिवाद म्हणतात. झाड निळे रंगविणाऱ्या मुलाचे गुण कापणाऱ्या आपल्या शाळांना हे आजही पचणे कठीण! नाझी राजवटीने तर 1937 साली म्युनिकमध्ये ‘विकृत कला’ म्हणून अशा चित्रांचे टिंगलप्रदर्शनच मांडले.

त्याच राजवटीमुळे परागंदा झालेले लँगहॅमर, फॉन लायडन आणि श्लेसिंजर मुंबईत आले. पहिला वृत्तपत्रात कलादिग्दर्शक, दुसरा समीक्षक, तिसरा उद्योजक. त्यांच्याकडून युरोपातील नवी चित्रकला येथील तरुणांना समजली. 1947 साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. त्यांपैकी आरा यांनी घरकाम केले होते, मोटारी धुतल्या होत्या, सूझांना जे. जे. कलाशाळेतून काढून टाकण्यात आले होते.

ही सारी उसनवारी, असा आक्षेप घेतला जातो. सूझांचे 1959 चे ‘क्रूसारोहण’ पाहिल्यावर तो टिकत नाही. ती जाड काळी रेषा युरोपीय वळणाची असेल. त्यातील वेदनेने पिळवटलेला, धाक घालणारा ख्रिस्त गोव्याच्या चर्चमध्ये वाढलेल्या मुलाचा आहे.

प्रश्न उरतो गिऱ्हाइकाचा. कल्पना आयात करता येते, आश्रय येथेच उभा करावा लागतो. धनिकांना व्यक्तिचित्रे व निसर्गदृश्ये हवी असताना श्लेसिंजर ही नवी चित्रे विकत घेत होते. तरीही सूझा 1949 मध्ये लंडनला गेले, पुढल्याच वर्षी रझा पॅरिसला. 2025 साली हुसेन यांच्या एका चित्रास 118 कोटी रुपये मिळाले. पण ते दुसऱ्याच काळातले गिऱ्हाईक. त्या पडत्या दिवसांत सार्वजनिक पैशातून ही चित्रे घेण्याचे धाडस दाखविले ते होमी भाभा या पदार्थवैज्ञानिकाने, आपल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींसाठी.